कपाटातल्या मुंगसाची पहिली खीर

मित्रांनो, मी एक जुनं नाणं आहे, अशी सुरुवात करायला मला फार आवडलं असतं. जुन्या नाण्यांचा थाटच वेगळा. एखादा झिजलेला होन बोलू लागला की माणसं कान टवकारतात. माझं तसं नाही. मी अगदी काल-परवाचा आहे. शुद्ध चांदीचा, चांगल्या मोठ्या बिस्किटाएवढा, पण अंगावर ना राजमुद्रा ना ढाल-तलवार. माझ्यावर एक मुंगूस आहे. दोन पायांवर उभं, कमरेवर हात, आणि पाठीवर वाऱ्याने फडफडणारी लालभडक केप.

त्याचं नाव मेजर मंगूस. हा एका कार्टूनमधला वीर. दर रविवारी तो सापांच्या टोळीपासून शहर वाचवतो आणि मग आरशात बघून मिशा नीट करतो. पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि पोरांपेक्षा त्यांच्या बापांनी जास्त. म्हणून दूरच्या एका बेटावरच्या देशाच्या नावाने आम्हा नाण्यांची मालिका निघाली. माझ्या दुसऱ्या बाजूला त्या देशाचं नारळाचं झाड आहे आणि खाली ‘दोन डॉलर’ असं लिहिलं आहे. त्या देशात मी कधी पाऊल ठेवलं नाही. ठेवलं असतं तरी तिथल्या वाण्याने माझ्यावर पाव दिला असता की नाही, शंकाच आहे.

टाकसाळीत ठसा बसला तेव्हा फार दुखलं. पण रडायलाही सवड मिळाली नाही. हातमोजे घातलेल्या कुणीतरी मला उचललं आणि गोल पारदर्शक डबीत बंद केलं. डबी मखमली खोक्यात गेली, खोकं पुठ्ठ्याच्या खोक्यात गेलं आणि वर एक प्रमाणपत्र आलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो मोती बघायचा असेल तर माझं सामान बघा.

नाण्याचं काम काय असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. या हातातून त्या हातात जायचं. भाजी आणायची, रिक्षाचं भाडं द्यायचं, देवापुढच्या ताटलीत पडायचं. माझ्या नशिबी उलटंच आलं. मला खूप जणांनी विकत घेतलं, पण मला देऊन कुणी काहीही विकत घेतलं नाही. आधी गुरुग्रामच्या एका तरुणाने घेतलं, मग सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधल्या एका साहेबांनी. दोघांनी माझे फोटो काढले, भाव चढायची वाट पाहिली आणि मला पुढे पाठवलं. डबी कुणीही उघडली नाही. या एवढ्या प्रवासात मला एकाही माणसाचं बोट लागलं नव्हतं.

मग मी नोएडात हरीशकडे आलो. हरीश मूळचा पुण्याचा, इथे आयटी कंपनीत. दिवसभर मीटिंग आणि संध्याकाळी नाणी. त्याच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात आम्ही सगळे ओळीने बसायचो. कवटीवाला समुद्री चाचा, तीन डोळ्यांचा रोबो, अंधारात चमकणारं भूत आणि मी. रविवारी तो पांढरे सुती हातमोजे घालायचा, आमच्या डब्यांवरची धूळ मऊ ब्रशने झटकायचा आणि हळूच पुटपुटायचा, “कसा आहेस, मेजर?”

त्याची बायको लतिका दारात उभी राहून हे बघायची. “माझा हात कधी एवढ्या मायेने धरलायस, यार?”

“अगं, तुझ्यावर ओरखडा पडला तर भाव उतरत नाही,” हरीश म्हणायचा. आणि जीभ चावायचा, पण तोवर उशीर झालेला असायचा.

एके दिवशी हरीश खुशीत घरी आला. गाझियाबादचे धवलजी मला घ्यायला तयार झाले होते. हे नाव ऐकताच कपाटातले आम्ही सगळे गारठलो. धवलजींचा मोठा व्यापार होता आणि आमच्या दुनियेत फार नाव होतं. ते उत्तमातलं उत्तम नाणं घ्यायचे आणि थेट बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचे. तिथून परत कुणी आलेलं नव्हतं. आमचा एक ड्रॅगन तिकडे गेला, तो गेलाच. हरीशच्या कपाटाला निदान काचेचं दार होतं. निदान लतिकाचं बोलणं ऐकू यायचं, त्यांच्या बाळाचं रडणं ऐकू यायचं. लॉकरमध्ये पोलादी अंधाराशिवाय काय असणार? मित्रांनो, मी घाबरलो होतो, हे मोकळेपणाने सांगतो. चांदीचा असलो म्हणून काय झालं?

धवलजींनी रविवार सकाळची वेळ दिली. नेमका त्याच सकाळी शिवांगीच्या उष्टावणाचा मुहूर्त होता. शिवांगी म्हणजे हरीश-लतिकाची लेक. सात महिन्यांची, बोळक्या तोंडाची, दिसेल ते तोंडात घालायला टपलेली. तिला पहिला अन्नाचा घास भरवायचा होता.

“दोन्ही होतील गं, अर्ध्या तासाचं काम,” हरीश म्हणाला.

“बिल्कुल होतील,” लतिका म्हणाली. तिच्या आवाजावरून मला कळलं की होणार नाहीत.

उष्टावणाची रीत तुम्हाला माहीत असेलच. बाळ मामाच्या मांडीवर बसतं आणि मामा चांदीच्या रुपयाने किंवा सोन्याच्या अंगठीने खीर चाटवतो. लतिकाच्या माहेरी असा एक रुपया होता. त्याच रुपयाने लतिकाने पहिली खीर चाखली होती आणि तिच्या भावानेही. हा भाऊ म्हणजे युवराज, दिल्ली छावणीत हवालदार. तो कडक इस्त्रीचा सदरा घालून आला, बाळाला झबलं, बहिणीला साडी आणि चार किलो आंबे घेऊन आला. रुपया मात्र बराकीतल्या ट्रंकेत राहिला.

“अरे, तुला फक्त तेवढंच आणायला सांगितलं होतं!” लतिका ओरडली.

युवराज सावधानमध्ये उभा राहिला. सीमेवर न डगमगणारा तो गडी बहिणीपुढे पार विरघळला.

मग हरीशच्या अंगठीवर सगळ्यांची नजर गेली. लग्नातली सोन्याची अंगठी. पण लग्नानंतरचे नोएडातले पराठे बोटावर चढले होते. साबण लावला, तेल लावलं, युवराजने सोफ्याला पायाचा रेटा देऊन ओढलं. अंगठी हलली नाही, हरीश मात्र सोफ्यावरून खाली आला. तेवढ्यात गेटवरून फोन आला की धवलजींची गाडी आली आहे, पण चौकीदार आत सोडत नाही. हरीश लाल झालेलं बोट फुंकत खाली पळाला.

आता मुहूर्त टळायला आला होता. अशा वेळी पुढे आली तानूबाई. तानूबाई हरीशची आत्या, साताऱ्याकडची, खास या कार्यासाठी आलेली. “चांदीचंच पाहिजे ना? मग त्या कपाटात काय कथील भरलंय का?” असं म्हणत तिने काचेचं दार उघडलं.

आधी कवटीवाला चाचा हातात आला. “शी! पहिल्या घासाला मुडदा?” तो परत गेला. रोबोचे तीन डोळे बघून तिने तोंड वाकडं केलं. भूत तर तिने नुसतंच पालथं घातलं. मग तिने मला उचललं आणि तिचा चेहरा एकदम फुलला.

“अगं बाई, मुंगूस! लहानपणी आम्ही याच्या मागे धावायचो, मुंगसा मुंगसा तोंड दाखव म्हणून. तोंड दिसलं की दिवस चांगला जायचा. आणि हा बघ, समोर तोंड करून उभाय बिचारा. याच्याहून शुभ काय मिळणार?”

“आत्या, ते हरीशचं...” लतिका म्हणाली.

“हरीशचं म्हणजे त्याच्या लेकीचंच ना?” तानूबाईने विचारलं. लतिकाने कपाटाकडे पाठ केली आणि खीर ढवळायला घेतली. खरं सांगू? मला वाटतं तिला अडवायचंच नव्हतं.

कट्, असा आवाज झाला आणि डबी उघडली. मित्रांनो, जन्मापासून पहिल्यांदा मला वारा लागला. फोडणीचा, उदबत्तीचा, वेलदोड्याचा वास आला. मी भान हरपून गेलो. पण ते सुख क्षणभरच टिकलं, कारण तानूबाईने मला मोरीत नेलं.

“हा लाल रंग पोरीच्या पोटात जायला नको,” ती म्हणाली, आणि चिंच, मीठ आणि काथ्या घेऊन तिने मला घासायला घेतलं. आमच्या दुनियेत नाण्याला नुसता रुमाल लावणंही पाप मानतात. इथे तर काथ्या होता! मेजर मंगूसची केप बघता बघता मोरीतून वाहून गेली. तिने मला उकळत्या पाण्यातून काढलं, कोरड्या फडक्याने पुसलं आणि उजेडात धरून म्हणाली, “आता कसा माणसात आलास.”

मग युवराजने मला खिरीत बुडवलं आणि शिवांगीच्या ओठांवर टेकवलं. तिने आधी कपाळाला आठी घातली. मग तिची जीभ बाहेर आली, ऊबदार आणि मऊ, आणि मला लागली. एवढ्या लोकांनी मला विकत घेतलं होतं, पण मला पहिल्यांदा जिभेनेच कुणीतरी ओळखलं. त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगायला दोन डॉलर अपुरे आहेत. मी सुखावलो.

नेमका तेव्हाच हरीश धवलजींना घेऊन आत आला.

आधी त्याला उघडी डबी दिसली. मग लेकीच्या तोंडाशी धरलेला मी दिसलो. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. धवलजी शांतपणे पुढे झाले, खिशातून भिंग काढलं आणि युवराजच्या हातातल्या मला वाकून बघितलं.

“भाईसाहब,” ते म्हणाले, “आपने तो इसे नहला दिया.”

“आत्या!” हरीशचा आवाज चिरकला. “आत्या, हे काय केलंस?”

“उष्टावण,” तानूबाई म्हणाली.

धवलजींनी सुस्कारा टाकला. “अब ये कलेक्शन के काम का नहीं. वज़न के भाव में दे दीजिए. मैं कल सुनार के यहाँ जा ही रहा हूँ, गलवा लेंगे.”

गलवा लेंगे! म्हणजे वितळवणार! आधी लॉकरची भीती वाटत होती, आता लॉकर स्वर्ग वाटू लागला. आणि हरीश रागाच्या भरात म्हणाला, “ले जाइए. मुझे देखना भी नहीं है.”

असं म्हणून त्याने मला उचललं. हातमोजे घालायची आता गरजच नव्हती, म्हणून नुसत्याच हाताने. मी खिरीने चिकट झालो होतो आणि कोमटही होतो. हरीश जागच्या जागी थांबला. इतकी वर्षं नाणी जमवणाऱ्या त्या माणसाने चांदी कधी उघड्या बोटांनी धरलीच नव्हती. त्याने मला तळहातावर घेतलं, अंगठा मेजरच्या मिशांवरून फिरवला, नारळाच्या झाडावरून फिरवला. तेवढ्यात मांडीवरून शिवांगी पुढे झुकली आणि माझ्याकडे बघून तोंडाचा मोठा आ केला. तिला आणखी खीर हवी होती. बाप काय विकतोय याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं.

हरीशने मला वाटीत बुडवलं आणि तिला भरवलं. परत बुडवलं, परत भरवलं.

“नहीं, धवलजी,” तो मान वर न करता म्हणाला. “सॉरी. ये अब नहीं जाएगा.”

धवलजींनी भिंग खिशात ठेवलं. मग खुर्ची ओढून बसले. “अच्छा, तो खीर तो खिलाइए. गाज़ियाबाद से खाली पेट आया हूँ.” त्यांना दोन वाट्या लागल्या.

मित्रांनो, आता मी देवघरात एका साध्या वाटीत राहतो. कपाटातल्या मंडळींना माझं वाईट वाटतं, असं ऐकतो. मला त्यांचं वाटतं. आसपासच्या सेक्टरमधली मराठी घरं मला उष्टावणाला घेऊन जातात. आणि मध्यंतरी कोण आलं असेल? धवलजी. त्यांच्या नातवाचं अन्नप्राशन होतं. मला त्यांनी रुमालात गुंडाळून गाझियाबादला नेलं. तो नातू चांगला दोन दातांचा होता. खीर संपली तरी त्याने मला सोडलं नाही.

तेव्हा एवढीच विनंती. तुमच्याही घरी काही तरी डबीत बंद असेल, जपून जपून कुणाच्या हाती न लागलेलं. त्याला एकदा बाहेर काढा, हात लावा, वापरा. चिंचेने घासायची मात्र घाई करू नका, आधी विचारा. आणि जपायचंच असेल, तर वापरून झालेल्या वस्तूंना जास्त जपा. मेजरच्या डाव्या कानावर आता दाताची एक बारीक खूण आहे. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. धवलजी आपल्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हरीशच्या घरी घेऊन येतात, खिशातून भिंग काढतात आणि म्हणतात, “यह देखिए, हमारे पोते का है.”