बायाबाईचं रडणं

"काकू, हे रडनं तुमचंच होय ना?" शेजारच्या रंजूनं विचारलं आणि शिंगाडे तोलणारा बायाबाईचा हात थांबला.

आसगावच्या मंडईत भर दुपारी डीजे दणाणत होता. ठोक्यांखालून एक बाई रडत होती, "माह्या छोटू रे, जाळं कोनाले देऊन गेला..." ठोका पडला की ती पुन्हा तेच रडायची. पोरं शर्ट काढून नाचत होती. एक जण छाती पिटून रडण्याची नक्कल करत होता, दुसरा त्याचा व्हिडिओ काढत होता.

स्टेजवर वेल्डरचा मुखवटा घालून लिलाधर उभा होता, बायाबाईचा सख्खा पुतण्या. त्याचं संगीत जिल्हाभर गाजत होतं. विकतचे आवाज तो वापरत नसे. घणाचा ठोका, तलावातली बेडकं, पाण्यावर पडणारं जाळं, सगळं स्वतः फोनमध्ये भरून आणायचा. लोकांनी माणूस पाहू नये, आवाज ऐकावा, म्हणून म्हणे मुखवटा. कान तयार होता बेट्याचा. सख्ख्या चुलतभावाचं, बायाबाईच्या पोराचं, छोटूचं मढं अंगणात असतानाही त्यानं फोन चालू ठेवला होता.

गाणं संपल्यावर तिनं त्याला स्टेजमागे गाठलं.

"लिल्या, ते तोंडावरचं काढ आधी."

त्यानं काढलं. घामेजलेला, खूश चेहरा. बायाबाईला शिसारी आली.

"काकू, असं रडनं कोनाले जमते? छोटू अमर झाला पाहा. लोकं ऐकून राहिले."

"नाचून राहिले, मुडद्या."

"ठोका हाय तं नाचतीनच."

"काढून टाक ते."

"आता कसं काढू? साऱ्याइच्या मोबाइलात गेलं."

ती त्याच्या पायाशी थुंकली. शिंगाडे तिथंच टाकून घरी आली.

माघात तिचा नवरा भैयालाल गेला. आमच्याकडे बाई मढ्यापाशी बोलून रडते. गेलेला माणूस कसा होता, ते तिनं रडत सांगायचं आणि गावानं ऐकायचं. अंगण भरलं होतं.

"बोल वो बाई, मोकळी हो," शेजारी बसलेली सुशीलाबाई पाठीवरून हात फिरवत म्हणाली.

बायाबाईनं मान वर करून भोवतालच्या माणसांकडे, त्यांच्या हातांतल्या फोनांकडे एकदा पाहिलं. मग पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तिरडी उठून वळणाआड जाईपर्यंत तो दातांत घट्ट धरून ठेवला.