श्रीपादकाकांची सातवी ओळ

२००० सालच्या सुमारास नोएडाच्या एका कंपनीत येणारी ई-मेल एक छोटी फाईल चाळायची. कामाची पत्रं आत, कचरा बाहेर. फाईल श्रीपादकाकांची. सगळ्या मिळून अकरा ओळी, त्याही खुणा आणि चिन्हांनी ठासून भरलेल्या, आणि कुठेही एका शब्दाचा खुलासा नाही. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान,’ असं काका तिच्याबद्दल म्हणत आणि स्वतःच हसत.

तिथेच नव्याने लागलेल्या देवयानीला हसू येत नसे. कोड असा लिहावा की काल नोकरीला लागलेल्यालाही वाचता यावा, हे ती कोर्समध्ये शिकून आली होती. जुनी माणसं मुद्दाम असं लिहितात म्हणजे त्यांच्यावाचून कुणाचं चालू नये, हेही तिथेच ऐकलेलं. आता खरं म्हणजे ही नोकरी तिला काकांनीच सुचवली होती. दोघं दिल्लीतल्या मयूर विहारचे, एकाच चार्टर्ड बसने जायचे. काका आधीच्या स्टॉपवर चढत आणि शेजारच्या सीटवर रुमाल टाकून तिची जागा धरत. पण संशय यायचा असला की रुमाल बघून थांबत नाही.

तो आला सातव्या ओळीवरून. गाझियाबादच्या एका पंपांच्या कारखान्याची पत्रं ती ओळ कसलीही तपासणी न करता आत सोडत होती, आणि प्रत्येकाची एक प्रत गुपचूप काकांच्या मेलच्या खात्यात टाकत होती. दुसऱ्या एकाही गिऱ्हाइकाला ही सवलत नव्हती. मग देवयानी पाळत ठेवू लागली. काका रोज प्रिंटरवरून एक कागद उचलायचे, घडी घालायचे आणि जिन्याने वर जायचे. विचारलं तर सावध होतील, म्हणून तिने विचारलं नाही. ती सरळ साहेबांकडे गेली.

साहेब म्हणाले, “बेटा, नई फ़ाइल तुम बनाओ.” काकांना स्टोअरमध्ये बसवलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस. ‘बरं’ म्हणाले आणि चष्म्याचं घर घेऊन निघून गेले.

नवी फाईल नव्वद ओळींची झाली. प्रत्येक नियमावर तो काय करतो ते स्वच्छ लिहिलेलं. जुन्या तारखेची पत्रं कचऱ्यात, हा काकांचाच नियम तिने ठेवला. सातवी ओळ तेवढी काढली.

तिसऱ्या आठवड्यात कारखान्याच्या मालकाचा फोन आला. पाच मेल केले, एकालाही उत्तर नाही, आता माल दुसरीकडून घेतो. देवयानीला पहिल्यांदा काय वाटलं असेल? काकांनी सूड उगवला. त्यांचा जुना पासवर्ड अजून चालतो का, हे तिने दोनदा तपासलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पाचही पत्रं तिच्याच फाईलने कचऱ्यात टाकली होती. पाचांवरही तारीख एकच, एक जानेवारी १९८०.

तिने कारखान्यात फोन लावला. तिथला क्लार्क हसला. कॉम्प्युटरचा सेल कधीचा मेलाय, बत्ती गेली की घड्याळ १९८० वर जातं, आणि गाझियाबादमध्ये बत्ती रोजच जाते, श्रीपादजींना ठाऊक आहे.

आता तिला ती ओळ वाचता आली. तपासणी झाली असती तर ही पत्रं मेली असती. नुसती आत सोडली असती तर वीस वर्षं जुनी म्हणून विक्री विभागाच्या यादीत अगदी तळाला पडली असती. म्हणून काका आपल्या प्रतीवरून छापून रोज स्वतः वर नेऊन देत होते. पाचव्या पत्रात कामाचं काहीच नव्हतं. ‘श्रीपादजी, जवाब नहीं आया. तबीयत तो ठीक है?’

देवयानीला लाजेने बसवेना.

दुसऱ्या दिवशी ती बसमध्ये चढली. काका खिडकीशी होते. शेजारच्या सीटवर रुमाल होता.

“काका, सातवी ओळ काय करत होती ते मला काल कळलं.”

“सांगायला एक मिनिट लागलं असतं, देवयानी.”

“तुम्ही लिहून का नाही ठेवलंत?”

“ते माझं चुकलंच. मला वाटलं, अडलं तर तू विचारशील.”

त्यांनी रुमाल उचलून खिशात ठेवला आणि थोडे सरकले. जागा भरपूर होती. देवयानी नोएडापर्यंत उभीच राहिली.