कोनाड्याची गावपळण

बाहत्तरावं पान संपलं तेव्हा वर्षालीच्या मधल्या बोटाला पेनाने खळगा पाडला होता. वही मिटली आणि ती आनंद व्हायची वाट बघत बसली. आनंद काही आला नाही, जांभई तेवढी आली.

दिवाळीच्या सुट्टीपासून ती हे साहस रचत होती. चौदा घरांचे चौदा नकाशे. प्रत्येक घरात एक सापळा. आणि शेवटच्या घरात, देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात, बारा फूट उंचीचा, कोनाड्या नावाचा राक्षस अंग दुमडून बसलेला. रिकाम्या घरात शिरायचं आणि माणसांचे मागे उरलेले आवाज चाटूनपुसून खायचे, हा त्याचा धंदा. भूगोलाची चाचणी त्याच्याच पोटात गेली होती.

हे खूळ डोंबिवलीच्या ओंकारदादाचं. मे महिन्यात तो आचऱ्याला, वर्षालीच्या गावी, आला आणि जाताना वीस बाजूंचा एक फासा आणि नियमांची झेरॉक्स ठेवून गेला. खेळ असा, की एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, काय करायचं ते आपलं आपण ठरवायचं आणि धोक्याच्या जागी फासा टाकायचा. रचणारी वर्षाली. बाकीचे म्हणजे मोजून दोघं. वर्गातली संजना, जी खेळात चांदणी नावाची मांत्रिक होती, आणि शेजारचा स्वरूप, जो जाळं फेकून लढणारा रापणवीर होता.

पहिल्या साहसात वर्षालीने भुतांचं गलबत रचलं होतं. हे दोघं गलबताकडे फिरकलेच नाहीत, दोन तास बंदरावर सुरमईचा भाव करत बसले. म्हणून दुसऱ्या साहसात तिने सगळ्या वाटा बंद केल्या, एकच उघडी ठेवली, आणि काय काय घडतं ते घड्याळी अकरा मिनिटं वाचून दाखवलं. वाचून मान वर केली तर स्वरूप हात जोडून, डोळे मिटून बसलेला.

"व्हय म्हाराजा!" तो म्हणाला.

देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा एकटा मानकरी बोलतो आणि जमलेला गाव वाक्यावाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतो. दुसरं काही म्हणायची सोयच नसते.

"तुझ्या खेळात माका एवढाच काम आसा," स्वरूप म्हणाला होता. "फुडच्या डावाक पण तसाच झाला तर मी चललंय क्रिकेटाक. त्यांका कीपर होयो आसा."

स्वरूप गेला की खेळ संपला. दोघींनी खेळायचं म्हणजे ती शिकवणी, असं संजनाने आधीच सांगून टाकलं होतं. नव्या साहसाची बाहत्तर पानं वर्षालीने ह्या एका भीतीवर लिहिली होती.

आणि तेवढ्यात गावपळणीचा कौल झाला! काही वर्षांनी एकदा देव आचऱ्याला सांगतो, गाव सोडा. मग अख्खा गाव गुरं, कुत्री, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर जातो, माडाच्या विणलेल्या झापांच्या खोपी बांधतो आणि तीन दिवस तिथेच राहतो. परत कौल झाल्याशिवाय आत कोणी पाऊल टाकत नाही. शाळा नाही, शिकवणी नाही. कोनाड्या तिला मागच्या गावपळणीतल्या रिकाम्या गावावरूनच तर सुचला होता. ह्याहून चांगला मुहूर्त शोधून सापडला नसता.

पहिल्या दुपारी खोपीसमोर चटई पडली. सकाळपासून वर्षालीने तीन कळश्या, दोन वळकट्या आणि एक चावरी कोंबडी वाहून आणली होती. खांदे दुखत होते, वाचायला सुरुवात करण्याआधीच आवाज बसला होता. शेजारी स्वरूपची आई, सुगंधाकाकी, बांगडे साफ करत होती.

गोष्ट सांगताना वर्षाली पुस्तकी मराठीत जाई. "देवाच्या आज्ञेने गाव रिकामा झाला आहे. पण एका घरात कोनाड्या शिरला आहे. तुमच्यासमोर वेस. पलीकडे चौदा घरं. तुम्ही काय करता?"

"काय करतलंव? हयच रवतलंव," संजना म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे आत जावचा नाय. कौल खंय झालो?"

"अगो, खेळातलो गाव तो!"

"खेळातलो म्हणान काय झाला? देवान गाव भायर काढलो, ह्या तूच वाचलंस मा?"

वर्षालीने स्वरूपकडे बघितलं. तो कापलेल्या शेतापलीकडे बघत होता. तिथे खऱ्या घरांची कौलं दिसत होती, आणि एकाही घरातून धूर निघत नव्हता.

"माका पण नको," तो हळूच म्हणाला. "हय बसान थय शिरतंय म्हणूचा? अंगार काटो येता."

घरी टेबलापाशी बसून लिहिताना हे एकदाही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. चौदा घरं, चौदा सापळे, आणि आत जाणारं कोणीच नाही. तिसऱ्या पानावर एक सोय होती तशी. वादळ येतं आणि वीरांना उचलून वेशीच्या आत टाकतं. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. समोर स्वरूपचे हात जोडायच्या बेतात एकमेकांजवळ यायला लागलेच होते.

ती इतकी दमली होती, की वादळ आणायचंही त्राण उरलं नव्हतं. तिने वही मिटून उशाला घेतली.

"बरा," ती आडवी होत म्हणाली. "मगे बसा भायर. तीन दिस काय करतलास?"

उत्तर स्वतःला ठाऊक नसताना तिने आजवर कधी काही विचारलंच नव्हतं.

"ढोरां मोजूया," संजना म्हणाली. "कोण आत रवला काय बगूया."

"थांब, थांब!" स्वरूप सरसावून बसला. "ढोरां भायर, कुत्रे भायर, कोंबड्यो भायर. मगे हो कोनाड्या आत कसो? त्याका देवाचो हुकूम लागू नाय?"

बाहत्तर पानांत ह्याचं उत्तर नव्हतं. "लागू... आसा," वर्षाली म्हणाली.

"मगे त्याका भायर काढूचो. आपण वेस न ओलांडता."

"आणि तो खाता काय? आवाज," संजना म्हणाली. "आवाज तर सगळो हय आसा! थय तो उपाशी मरता आसतलो."

स्वरूपने टोपाचं झाकण उचललं, पळीने बडवलं आणि रापणवीर होऊन अशी बोंब ठोकली की दावणीची म्हैस उभी राहिली.

"शिरा पडो तुझ्या बोंबलण्यार, मेल्या!" सुगंधाकाकी ओरडली.

"पंधरा किंवा वर पडायला हवेत," वर्षाली आडव्यानेच म्हणाली. आकडा तिने तिथल्या तिथे ठरवला होता.

फाशावर चार पडले. कोनाड्या जागचा हलला नाही.

"बोंबलान कोण येता काय?" काकीने बांगड्याचं डोकं उडवलं. "जेवाक बोलवूचा तर नावान हाक मारूची."

संजनाने तोंडापाशी हात धरले. "कोनाड्या! जेवाक ये रे!"

तिचा फासा चटईवरून घरंगळत थेट माशांच्या खवल्यांत गेला. काकीने तो दोन बोटांनी उचलला, डोळ्यांपाशी धरला. "सतरा गो."

वर्षालीने डोळे मिटले. बारा फुटांचा राक्षस तिला आता झेपणारा नव्हता. "तो वेशीपर्यंत येतो," ती म्हणाली. "एवढासाच आहे. गुडघ्याएवढा. भुकेने हडकलाय."

"त्याका आमच्या खोपीत घेवया," स्वरूप लगेच म्हणाला. "पण घोरता काय ता आधी इचार."

मग घोरण्यावरून वाद झाला, कोनाड्या बांगडा खाईल की बांगडा तळल्याचा आवाज खाईल ह्यावरून दुसरा झाला, आणि उन्हं कलली तरी दोघांचं चालूच होतं. वर्षालीला मध्येमध्ये फक्त आकडा सांगावा लागत होता. वही डोक्याखाली टोचत होती. चौदाच्या चौदा घरं तिच्यात बंद होती.

शेवटी काकीने म्हशीला पाणी दाखवायला पिटाळलं तेव्हा स्वरूप उठला. क्रिकेटचं त्याने नावही काढलं नाही. चटईवरचा फासा शर्टाला पुसला आणि खिशात टाकला.

"फासो दी हय," वर्षाली म्हणाली.

"नाय. तुमी दोघी माका सोडून खेळशात." दोन पावलं जाऊन तो वळला. "फाल्या सकाळी कोनाड्याक आमी वेशीवरसून त्याचा घर दाखवतलंव. तोपर्यंत त्याका कायएक करूचा नाय. कळला?"

उठून बसायची ताकद नव्हती. वर्षालीने पडल्या पडल्याच हात जोडले.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.