अस्वलाची वाकडी मान

विजेच्या बिलांच्या खिडकीमागे माझं निम्मं आयुष्य गेलं. संध्याकाळी मात्र मी डॉक्टर! फाटक्या कापडी अस्वलांची, कान तुटलेल्या सशांची. ओळखीपाळखीचे आणून देतात, मी हौसेने शिवते. मला आता सुईचं नेढं दिसत नाही, म्हणून आमचे हे शेजारी बसून दोरे ओवतात आणि ओवता ओवता मला चिडवतात.

खेळण्यांच्या मोठ्या दुकानाच्या मालकीणबाईंनी दुरुस्तीच्या खोलीत नोकरी देऊ केली, तेव्हा मी हरखले. आणि लगेच घाबरले. या एकाच कामात मला कुणी घाई करत नाही. त्याचीच नोकरी झाली तर?

"हौसेला मोल नसतं म्हणे," हे म्हणाले. "तुझ्या हौसेला लागलं बघ. जा बाई, मी बोलेन भिंतीशी."

"माझ्याशी तरी कुठे बोलता? टोमणे मारता!"

एक दिवस काम करून बघा, मग सांगा, असं मालकीणबाई म्हणाल्या. सुट्टीच्या दिवशी गेले. घरी मी खेळणं आणणाऱ्याला आधी समोर बसवते, 'कसं धरता ते दाखवा' म्हणते, मगच कात्री उचलते. इथे टेबलावर नुसतं अस्वल, त्याला टाचलेली चिठ्ठी, 'मान, पोट'. मालकीणबाई पाठीशी उभ्या. मला छाप पाडायची होती, दुसरं काय! जुना कापूस काढला, नवा भरला, तिथे ओवून ठेवलेल्या सुईने मान ताठ शिवून टाकली. अस्वल अगदी कवायतीला उभं.

दुपारी ते न्यायला एक धिप्पाड, मिशाळ ट्रक-ड्रायव्हर आला. त्याने अस्वल उलटंपालटं केलं.

"बाई, हे माझं नाही."

"अहो, तुमचंच आहे! अंगावरचं कापड बघा."

"असेल. पण माझ्याची मान वाकडी होती. लहानपणापासून."

तो भांडला असता तर परवडलं असतं. त्याचा चेहराच पडला.

"बसा," मी म्हटलं. "कसं धरायचात, दाखवा."

तो लाजला. इकडेतिकडे बघून त्याने अस्वल डाव्या खांद्यावर घेतलं. मी मान उसवली, कचऱ्याच्या पिशवीतला जुना कापूस शोधून परत कोंबला. दोरा मात्र काही केल्या ओवला जाईना. ह्यांची इतकी आठवण आली, की माझा मलाच राग आला. शेवटी ड्रायव्हरनेच ओवून दिला.

अस्वलाचं डोकं त्याच्या गालाला टेकलं, तसा तो गडी भर दुकानात डोळे मिटून उभा राहिला. कुणीही हसलं नाही.

"मी कामाला येते," मी मालकीणबाईंना सांगितलं. "पण ज्याचं खेळणं, तो आधी माझ्यासमोर बसेल. उशीर झाला तर झाला."

"बसवा," त्या म्हणाल्या.

घरी येऊन सांगितलं, तर हे "छान झालं" म्हणाले आणि पेपरात तोंड खुपसलं. टोमणा नाही, काही नाही. माणूस आतून हलला होता.

कामावर जायच्या पहिल्या सकाळी माझी सुयांची उशी जागेवर नाही!

"कुठे ठेवलीत? एक वस्तू धड जागेवर ठेवत नाही हा माणूस!"

"पिशवीत बघ."

पिशवीत उशी होती. तिच्यावर झाडून सगळ्या सुया, काळ्या, तपकिरी, पांढऱ्या दोऱ्यांनी ओवलेल्या.

"एवढ्याच आहेत," हे भिंतीकडे बघत म्हणाले. "संपल्या की घरी यायचं."