ओढ्याकाठची पंचवीस बाळं

नदीनने बाळाला वजनकाट्यावरून उचलून त्याच्या आईकडे, केल्सीकडे, दिलं आणि खुर्चीत बसत बुटांच्या नाड्या सैल केल्या. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या या दवाखान्यात ती बावीस वर्षं नर्स होती.

"जन्मताना एकोणतीसशे ग्रॅमच होता," केल्सी म्हणाली. "माझ्या आईनं बघताक्षणी तोंड वाकडं केलं. शेवटपर्यंत हॉटेलात उभी राहून काम केलं ना मी."

"साधारण तेहतीसशे असतं. पण पाचांतलं एखादं बाळ तुझ्या बाळाएवढं किंवा त्याहून हलकं निघतंच. घरी जा, झोप काढ."

हे आपण या वर्षी किती जणींना सांगितलं? केल्सी गेल्यावर नदीनने जन्मनोंदीची वही ओढली. ओढ्याकाठच्या वस्तीत वर्षभरात पंचवीस बाळं झाली होती. सगळ्यांच्या जन्मवजनांची सरासरी आली तीन हजार पन्नास. तिने पुन्हा काढली. तेवढीच.

एकट्या बाळाचं वजन तेवढं असतं, तर तिने लक्षही दिलं नसतं. तिघांतल्या एकाचं तेवढं किंवा कमी असतंच. पण पंचवीस बाळांत हलकं-भारी एकमेकांत जिरून जायला हवं होतं. सरासरीच इतकी खाली यावी, हा नुसता योगायोग हजारात सहा वेळा घडेल.

तिने जिल्हा आरोग्य कार्यालयात डॉक्टर होल्कमना फोन लावला.

"आजारी कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही. सगळीच थोडी थोडी हलकी आहेत."

"नदीन, आजारी मुलासाठी मी माणूस पाठवीन. सरासरीसाठी कुणाला पाठवू?"

तिने वहीतला सरासरीचा आकडा वाचून दाखवला.

"बरं, लिहून पाठव. बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केल्सीच्या घरी गेली.

"काल मी तुला अर्धंच सांगितलं," ती म्हणाली, आणि वहीतलं सगळं सांगितलं. "कारण अजून ठाऊक नाही."

केल्सी बाळाला घेऊन हळूच खाली बसली.

"म्हणजे वस्तीतल्या सगळ्यांचीच अशी? माझ्यामुळे नाही?"

"पंचवीस जणी काही हॉटेलात उभ्या नव्हत्या."

केल्सीने डोळे पुसले आणि हसली. तीन आठवड्यांत नदीनने तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"आईला आजच सांगते. बसा मिस नदीन, कॉफी टाकते."

तिने किटली नळाखाली धरली. वस्तीतल्या सगळ्या घरांसारखं तिच्याही नळाला ओढ्याचंच पाणी यायचं. ते हसू तसंच राहावं, असं नदीनला वाटलं. किटली अर्धी भरेपर्यंत ती गप्प बसली. मग गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि तिने नळ बंद केला.