न थिजलेला थेंब

मेणाचा थेंब खाली घसरताना थिजतो. वर रुंद, खाली निमुळता, जिथे थांबेल तिथेच राहतो. हा थेंब थिजला नव्हता. स्तनांच्या दुखण्यांत जिला नवस बोलतात त्या संत आगाथेच्या वेदीपाशी टांगलेल्या मेणाच्या स्तनावरून तो सावकाश उतरला, कडेला लोंबला आणि खालच्या पांढऱ्या कापडावर पडून पसरला. डागाभोवती तेलकट कडा उमटली.

माझ्या मागे चाळीसएक बायका गुडघ्यांवर होत्या. दाराबाहेर गल्लीतही तितक्याच असतील.

"पडला गं पडला," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या क्रूसाची खूण करू लागल्या.

वेदीचं काम पाहणारे मठवासी बंधू चेर्बोने पुढे आले. "बघा बायांनो. जूनमध्ये बोराएवढी गाठ होती, आज हरभऱ्याएवढी राहिली. मेणातली उतरली की अंगातली उतरलीच. तिकडे नदीपलीकडे दरबाराच्या संग्रहालयातही मेणाची माणसं निजवून ठेवलीत, पोट उघडून. त्यातल्या एकाला तरी कधी घाम फुटलाय?"

बायका हसल्या. मला ओळखणाऱ्या दोघी-तिघींनी वळून पाहिलं. ती पोट उघडलेली माणसं घडवणाऱ्यांत मी एक आहे.

"आणि एक ध्यानात ठेवा. डॉक्टरच्या सुरीवर भरवसा असेल, तर इथे येऊ नका. ज्याची श्रद्धा पातळ, त्याचं मेण घट्ट."

डाग पडलेला कापडाचा तुकडा फाडून त्यांनी पहिल्या रांगेतल्या बाईला दिला. तिने तो पोलक्यात, छातीशी ठेवला. ती माझी थोरली बहीण, दियानोरा. आणि तो मेणाचा स्तन मीच केला होता.

ताई गवताच्या टोप्या विणते. एप्रिलमध्ये विणताना टोपीची कड छातीला टेकली आणि तिला आत काहीतरी कठीण लागलं. आमच्या कार्यशाळेत शवविच्छेदनाला येणाऱ्या लापो डॉक्टरांना मी घरी आणलं. त्यांनी बोटांनी चाचपून सांगितलं, "अजून हलते आहे. आत्ता काढली तर निघेल. काखेत गाठींचे मणी हाताला लागायला लागले, की माझ्या हातात फार काही राहत नाही."

"बघू," ताई म्हणाली.

ते गेल्यावर मला म्हणाली, "उमी, इतक्या परक्यांची काळजं नि आतडी करतेस. माझं एवढं एक करून दे. आगाथेला वाहते, मग डॉक्टरचं बघू."

आमच्याकडे जे दुखतं ते, जसं असेल तसंच, मेणात करून वाहतात. मी कॅलिपरने गाठीचं माप घेतलं. पट्टीवर सात रेघा, बोराएवढी. तिच्या मनाला तेवढंच बरं वाटेल, असा विचार केला. कार्यशाळेच्या शिरस्त्याप्रमाणे साच्यातून दोन नग काढले, एक तिला दिला, दुसरा कपाटात ठेवला. मेण आमचं नेहमीचं, राळ घालून कडक केलेलं.

त्यानंतर पाच महिने 'बघू' चाललं. जूनमध्ये मेणातली गाठ घामेजते आहे अशी गल्लीत बोलवा झाली. लोकांना भास होतात, असं म्हणून मी कामाला लागले. पाहायला गेले नाही. हा दोष माझा, आणि तो इथे लिहायलाच हवा.

"ताई, माप घेऊ दे ना."

"माप चर्चमध्ये आहे. जाऊन बघ."

सगळी गल्ली रोज मेण बघायला जात होती. ताईच्या अंगाकडे बघणारं कुणी नव्हतं. ताई स्वतःसुद्धा नाही.

ताईला तो कापडाचा तुकडा मिळाला त्या दिवशी, गुडघ्यांवरून उठता उठता, मी पुढचा थेंब नखावर घेतला. डुकराच्या चरबीचा वास. पण नुसत्या वासावर निष्कर्ष काढू नये. कार्यशाळेत मी पाणी तापवून त्यात तापमापक धरला. चरबी चौतिसाव्या अंशाला वितळली. माझं मेण पन्नासाव्यालाही जागचं हललं नाही. दुसऱ्या दिवशी शालीच्या आड तापमापक लपवून मी चर्चमध्ये गेले. दिव्यांच्या रांगेपाशी, गाठीच्या उंचीवर, पारा छत्तिसावर उभा होता.

रविवारी मी कपाटातला दुसरा नग फडक्यात बांधून घेतला. वाटेत बार्तोलाच्या दुकानी थांबले. ती बैलाचं पोट उकळून विकते, तिच्या चुलीवर पाणी सदा गरम. तिच्या लेकीनेही आगाथेला मेणाचा स्तन वाहिलेला होता, आणि तोही ठिबकत होता.

"बार्तोलाकाकी, एक भांडं गरम पाणी घेऊन चर्चमध्ये चला."

"का गं, आगाथेला आंघोळ घालतेस?" म्हणत तिने भांडं उचललं.

वेदीपाशी गर्दी होती. "बंधू, माझ्या बहिणीचा नग जरा खाली काढून देता?" मी विचारलं.

"वाहिलेलं परत काढत नाहीत."

"मीच केलाय तो. एका दुसऱ्या नगाशी ताडून पाहायचाय."

"द्या हो बंधू," बार्तोला म्हणाली. "मेणाचाच आहे, त्याला कसली आलीय लाज?" बायका हसल्या, आणि त्या हशातच तिने हात वर करून नग काढला.

मी पाण्यात गार पाणी मिसळत तापमापक चाळिसावर आणला आणि दोन्ही नग आत सोडले. कपाटातला तसाच राहिला, सात रेघांची गाठ जिथल्या तिथे. वेदीवरच्याची गाठ आधी मऊ झाली, मग सुटली, आणि पाण्यावर पिवळी वर्तुळं तरंगू लागली. गाठीच्या जागी सपाट चीर दिसली. माझा वरचा गुलाबी थर कापला गेला होता आणि आतला तांबडा उघडा पडला होता.

"कुणीतरी माझी गाठ सुरीने छाटली आणि तिथे चरबीची बसवली," मी म्हटलं. "दिव्यांची धग लागली की ती रोज थोडी गळते."

बंधू चेर्बोने भांड्यापाशी आले. मग हळूच म्हणाले, "लोकांना धीर येतो, बाई. तुम्ही काय देता? पोट फाडलेली माणसं?"

"मी माप देते."

मग बायकांकडे वळून मी एवढंच म्हटलं की मेण बघू नका, अंग बघा. गाठ उतरली असं कुणी सांगितलं, मग ते कितीही मोठं माणूस असो, तर मागच्या मापाशी ताडून पाहा. त्याला विद्या लागत नाही. एक दोरा पुरतो.

बार्तोलाने पोलक्यातून तिच्या वाटणीचा कापडाचा तुकडा काढून नाकाशी धरला.

"जन्मभर चरबीत हात घालतेय मी," ती म्हणाली. "आणि हा वास मला ओळखता आला नाही." तिने लेकीचा नग खिळ्यावरून उतरवला आणि अंगावरचा झाकावा तसा शालीत झाकला. "लापो डॉक्टर राहतात कुठे?"

ताई मागच्या भिंतीशी उभी होती. ती माझ्यासोबत घरी आली. आल्यावर खिडकीपाशी बसली, पोलकं सोडलं आणि दुसरीकडे तोंड केलं.

मी कॅलिपर लावला. गाठ आता हलत नव्हती. काखेत बोट फिरवलं.

"किती?"

"पंधरा."

"तेव्हा?"

"सात."

"आणि काखेत?"

असे मणी मी मेणात कितीतरी केले आहेत. "एक," मी म्हटलं. "एकच असेल तर तोही काढतात. पण लापो आता एप्रिलसारखी खात्री देणार नाहीत."

ताईने अर्धवट टोपी मांडीवर घेतली आणि विणू लागली.

"तू आधी का नाही आलीस बघायला?"

"मला वाटलं, तुझं तुला कळत असेल."

"मला वाटलं, खोटं असतं तर उमी आली असती."

मी कॅलिपर मिटून फडक्यात गुंडाळला.

"तो दुसरा नग कपाटात ठेवू नकोस," ती म्हणाली. "त्याच्या शेजारी आजचा कर. पंधराचा. दोन्ही आगाथेपाशी टांग. बायकांना दिसू दे, पाच महिन्यांत काय होतं ते."

"करते."

ताईने ती ओळ शेवटपर्यंत विणली, टोकाला गाठ मारली आणि टोपी बाजूला ठेवली.

"आणि लापो डॉक्टरांना निरोप दे," ती म्हणाली. "उद्या सकाळी या म्हणावं. कापा म्हणावं."