डॅन्यूबवरची होडी आणि माझा एक स्क्रू

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. 'बिचारा' म्हणू नका. मी जे अनुभवलंय, ते तुमच्या खिशातल्या चकचकीत फोनच्या नशिबात नाही.

डॅन्यूब नदीकाठच्या नोवी साद शहरातल्या मिलुटिनने मला लग्नसराईच्या कमाईतून घेतलं. तो लग्नांत अकॉर्डियन, म्हणजे गळ्यात अडकवायची भात्याची पेटी, वाजवायचा आणि घरी माझ्यावर कॅसेटी ऐकायचा. चार वर्षं बरी गेली. मग मी टेबलावरून पडलो आणि माझं हेड, म्हणजे फीत वाचणारा आणि तिच्यावर लिहिणारा ठोकळा, किंचित कललं. गाणी घोगरी झाली. भंगार म्हणत मिलुटिनने मला पलंगाखाली ढकललं. उघडून बघायचं नाव नाही! माणसांची ही खोड मला मुळीच सहन होत नाही.

मला बाहेर काढलं त्याच्या मुलीने, यसेन्काने. मासिकातली आकृती बघून तिने घरीच संगणक जोडला होता. त्याचे खेळ कॅसेटवर साठवायचे. खेळ म्हणजे नुसती किंकाळी, कीं-घर्र-कीं! ती मी फितीवर धरायचो, आणि संगणकाला परत ऐकवली की टीव्हीच्या पडद्यावर डॅन्यूब नदी वाहू लागायची. मोठ्या बोटींना चुकवत एक होडी सुसाट पळायची. हा खेळ यसेन्काने स्वतः रचला होता. काय दिवस होते ते!

तेव्हा आमच्याकडे रेडिओवरून खेळ लावायचे. ती किंकाळी हवेतून यायची, घरोघरची पोरं टेप करून खेळायची. यसेन्काचा खेळ शनिवारी संध्याकाळी लागणार होता. त्याच दुपारी निवेदक प्रेड्रागचा फोन आला. तिची कॅसेट स्टुडिओत चालतच नव्हती. नीट कॅसेट आण, नाहीतर दुसऱ्या कुणाचा खेळ लावतो, म्हणाला.

दोष माझा. मी वाकडं लिहायचो, म्हणून माझं लिहिलेलं दुसऱ्या कुणालाच वाचता येत नव्हतं.

उपाय एकच होता. खेळ माझ्याकडून संगणकात चढवायचा, स्क्रू फिरवून माझं हेड सरळ करायचं आणि खेळ नव्या कॅसेटवर उतरवायचा. पण सरळ झालो की जुनी कॅसेट मलाही वाचता येणार नव्हती. मधल्या वेळात खेळ फक्त संगणकाच्या पोटात, आणि वीज गेली की तो पुसला जाणार! वीजकपातीचे दिवस होते; आमच्या गल्लीची पाळी चारला होती.

किंकाळी सुरू झाली तसा मिलुटिन झोपेतून उठून आला.

"कुणाचं डुक्कर कापतेयस?"

"खेळ चढतोय, बाबा."

"आणि हातात स्क्रूड्रायव्हर? माझ्या वस्तूला हात लावशील तर बघ."

"तूच भंगार म्हणालास ना? मग भंगाराचा एवढा पुळका कशाला?"

खेळ चढून झाला. यसेन्काने त्याची अकॉर्डियनची विकत आणलेली, म्हणजे सरळ हेडने लिहिलेली, कॅसेट लावली आणि माझा स्क्रू फिरवला. सूर गोधडीखाली कोंबल्यासारखे दबले. उलटा फिरवला, उजळले, पुन्हा दबले. चार वाजत आले.

"बहिरी आहेस का? पुढे गेलीस की." मिलुटिनला राहवेना. स्क्रूड्रायव्हर हिसकावून त्याने डोळे मिटले, कान माझ्या अंगाला लावला आणि स्क्रू केसाएवढा फिरवला. अकॉर्डियन लख्ख वाजला!

"हं. वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतोय. आता आण तुझं डुक्कर."

मी सरळ लिहायला लागलो. आयुष्यात कधी इतकं मन लावून लिहिलं नव्हतं. शेवटची किंकाळी फितीवर उतरली आणि दिवा गेला. मिलुटिनने कॅसेट कोटात घातली आणि सायकलवर टांग मारली.

संध्याकाळी बॅटरीच्या रेडिओवर प्रेड्रागने यसेन्काचं नाव घेतलं. मग कीं-घर्र-कीं! शेजारीण कान झाकत आली आणि रेडिओ बिघडला का म्हणून विचारू लागली.

"गप्प बस," मिलुटिन म्हणाला, "माझी पोरगी वाजतेय."

मित्रांनो, आज मी संग्रहालयात काचेमागे आहे. रोज माझी धूळ पुसतात आणि याला जपणूक म्हणतात. थू! मला कुणी चालू करत नाही, उघडत नाही. तुमच्या घरात काही बंद पडलं, तर फेकू नका आणि पुजूही नका. स्क्रूड्रायव्हर घ्या, घरातल्या मोठ्यांना हाका मारा, आणि उघडा!